वनस्पतिजन्य सक्रियित कार्बन आणि रंगीत सांडपाण्याचे शुद्धीकरण

तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमच्या परिसरात तिरुनीलक्कुडी हे गाव आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हा भाग भातशेतीसाठी प्रसिद्ध असून जवळच आडुतुरै येथे राज्याची भात संशोधन संस्था आहे. मराठी वाचकाला तंजावर परिचित आहे ते भोसले राजघराण्यामुळे व सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. याच भागाची दुसरी ओळख म्हणजे हातमागावरील रेशीम. कुंभकोणमलगतच्या तिरुभुवनम येथील रेशमी साड्यांना २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. येथे शेती आणि रेशीम हे दोन्ही व्यवसाय पाण्यावर अवलंबून आहेत. विणकराला सूत रंगविण्यासाठी पाणी लागते आणि शेतकऱ्याला तेच पाणी कालव्यातून अथवा विहिरीतून शेतात घ्यावे लागते. एका व्यवसायाचे सांडपाणी दुसऱ्याच्या शेतात जाऊ नये, ही येथील विकासाची मूलभूत अट आहे.

मोठ्या कारखान्याला स्वतःचे प्रक्रिया केंद्र उभारता येते. घरगुती स्वरूपाच्या रंगाऱ्याला ते परवडत नाही. त्यामुळे नारळाची करवंटी, साळीचे तूस, उसाचा चोथा, वेडी बाभूळ अशा स्थानिक वनस्पतिजन्य पदार्थांपासून सक्रियित कार्बन तयार करून सांडपाण्यातील रंग काढण्याच्या पद्धतीकडे संशोधकांचे लक्ष वळले आहे. या पद्धतीमागील शास्त्र, तिचे गणित, तिच्या मर्यादा आणि तिच्याशी संबंधित कायदे यांचा परिचय या लेखात करून दिला आहे.

रंगाचा उगम आणि त्याचे परिणाम

१८५६ मध्ये विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने जांभळ्या रंगाचे पहिले कृत्रिम रंजक तयार केले. त्यानंतर काही दशकांत वनस्पतींपासून मिळणाऱ्या नैसर्गिक रंगांची जागा कृत्रिम रंजकांनी घेतली. कृत्रिम रंजके स्वस्त, तेजस्वी व पक्की असतात. ऊन, साबण आणि घाम यांना ती दाद देत नाहीत. नेमका हाच गुण पाण्यात गेल्यावर दोष ठरतो, कारण जीवाणूंनाही त्यांचे विघटन सहजासहजी करता येत नाही.

रंगविताना सर्व रंजक धाग्यावर बसत नाही. सुतासाठी वापरल्या जाणाऱ्या अभिक्रियाशील रंजकांचा मोठा अंश धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. पाण्यात एका लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी रंजक असले, तरी अनेकदा त्याचा रंग डोळ्यांना दिसतो. रंगीत पाण्यात सूर्यप्रकाश खोलवर जात नाही. परिणामी जलवनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि पाण्यातील ऑक्सिजनचे प्रमाण घटते. व्यापारी रंजकांमध्ये अॅझो गटाची रंजके सर्वाधिक आहेत. ऑक्सिजनविरहित गाळात त्यांचे रेणू तुटून अॅरोमॅटिक अमाइन तयार होतात व त्यांपैकी बेंझिडिनसारखी काही संयुगे कर्करोगकारक आहेत. म्हणूनच केंद्र शासनाने १९९० च्या दशकात बेंझिडिनवर आधारित ४२ आणि अॅझो गटातील ७० अशा एकूण ११२ रंजकांच्या वापरास मनाई केली.

अधिशोषण म्हणजे काय?

स्पंज पाणी शोषून घेतो तेव्हा पाणी त्याच्या अंतर्भागात शिरते. हे अवशोषण होय. अधिशोषणात मात्र पदार्थाचे रेणू घन पदार्थाच्या केवळ पृष्ठभागावर धरून ठेवले जातात. या दोन संज्ञांतील भेद परीक्षेत वारंवार विचारला जातो. अधिशोषण पृष्ठभागावर घडत असल्याने पृष्ठभाग जितका अधिक, तितकी धारणक्षमता अधिक.

साध्या कोळशातील बहुतेक छिद्रे डांबरी पदार्थांनी बुजलेली असतात. ती मोकळी करून नवी छिद्रे निर्माण करण्याच्या क्रियेस सक्रियण म्हणतात. चांगल्या सक्रियित कार्बनच्या १ ग्रॅम वजनातील छिद्रांचे एकूण क्षेत्रफळ साधारणपणे ५०० ते १,५०० चौरस मीटर असते. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १३० चौरस मीटरचे असते. याचा अर्थ १,००० चौरस मीटर क्षेत्रफळाच्या चिमूटभर कार्बनमध्ये कबड्डीची सात मैदाने सामावतात.

छिद्रांचे त्यांच्या रुंदीनुसार तीन प्रकार केले जातात. २ नॅनोमीटरपेक्षा लहान ती सूक्ष्म छिद्रे, २ ते ५० नॅनोमीटरची मध्यम छिद्रे आणि ५० नॅनोमीटरपेक्षा मोठी ती स्थूल छिद्रे. हे वर्गीकरण पाठ करण्यापुरते नाही. रंजकाचा रेणू ज्या छिद्रात शिरू शकत नाही, ते छिद्र त्या रंजकासाठी निरुपयोगी असते. करवंटीच्या कार्बनमध्ये सूक्ष्म छिद्रे विपुल असल्याने तो वायू व लहान रेणू धरण्यास उत्तम असतो. मोठ्या आकाराच्या रंजकांसाठी मध्यम छिद्रांचा कार्बन अधिक उपयुक्त ठरतो. तेव्हा केवळ क्षेत्रफळाचा आकडा पाहून कार्बनची निवड करणे योग्य नव्हे.

कार्बन निर्मितीच्या पद्धती

कच्चा माल धुऊन, वाळवून त्याचे तुकडे केल्यावर तो हवेच्या अभावी तापविला जातो. यास कार्बनीकरण म्हणतात. त्यानंतरच्या सक्रियणाच्या दोन पद्धती आहेत.

भौतिक पद्धतीत कोळशावरून ८०० ते १,००० अंश सेल्सिअस तापमानास वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड सोडला जातो. वाफेची कार्बनशी अभिक्रिया होऊन कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन बाहेर पडतात आणि त्या जागी छिद्रे उरतात. रासायनिक पद्धतीत कच्चा माल फॉस्फरिक आम्ल, झिंक क्लोराइड किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड यांत भिजवून तापविला जातो. फॉस्फरिक आम्लासाठी ४०० ते ६०० अंश तापमान पुरते व मध्यम छिद्रे चांगली तयार होतात. परंतु नंतर कार्बन पुनःपुन्हा धुवावा लागतो. त्या धुण्यातील फॉस्फेट अथवा जस्त जलाशयात गेले, तर एक प्रदूषण काढण्याच्या प्रयत्नात दुसरे निर्माण होते. म्हणून रसायन परत मिळविण्याची सोय हा या पद्धतीचा अविभाज्य भाग मानला पाहिजे.

कच्च्या मालाच्या निवडीतही विवेक हवा. साळीच्या तुसात सिलिकाचे प्रमाण मोठे असते. तूस जाळल्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे पाचव्या भागाइतकी राख उरते व तीत प्रामुख्याने सिलिका असते. क्षाराच्या द्रावणाने सिलिका विरघळवून काढल्यास कार्बनची प्रत सुधारते. तूस भातगिरण्यांच्या बाष्पित्रांत आणि उसाचा चोथा साखर कारखान्यांच्या वीजनिर्मितीत इंधन म्हणून वापरला जातो. त्यामुळे 'टाकाऊ पदार्थ' म्हणून त्यांची किंमत शून्य धरता येत नाही. याउलट वेडी बाभूळ ही तामिळनाडू व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत पडीक जमिनीवर पसरलेली परकीय वनस्पती आहे. तिच्या लाकडापासून कार्बन तयार केल्यास उपद्रवाला उपयोगाची जोड मिळते.

रंजक आणि कार्बन यांची जोडी

प्रयोगशाळांत नव्या कार्बनची चाचणी बहुधा मेथिलीन ब्लू या निळ्या रंजकाने घेतली जाते. त्याचा रेणू लहान असून त्यावर धन विद्युतभार असतो. आम्लाने सक्रियित केलेल्या वनस्पतिजन्य कार्बनच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट असतात. उदासीन वा क्षारयुक्त पाण्यात या गटांमुळे पृष्ठभाग ऋणभारित होतो व धनभारित रंजक त्याकडे ओढले जाते. त्यामुळे अशा चाचणीत उत्कृष्ट आकडे मिळणे स्वाभाविक आहे.

रेशमाची गोष्ट निराळी आहे. रेशीम हे प्रथिन असल्याने ते मुख्यतः आम्ल रंजकांनी रंगविले जाते व ही रंजके ऋणभारित असतात. त्यांच्यासाठी कार्बनचा पृष्ठभाग धनभारित हवा आणि तो पाण्याचा सामू कमी असताना होतो. ज्या सामूला पृष्ठभागावरील एकूण भार शून्य होतो, त्यास शून्य-भार बिंदू म्हणतात. द्रावणाचा सामू या बिंदूच्या खाली असेल तर पृष्ठभाग धनभारित, वर असेल तर ऋणभारित, हा नियम विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा.

यातून कुंभकोणमच्या रंगाऱ्याला उपयोगी पडेल असा एक निष्कर्ष निघतो. कच्च्या रेशमाच्या वजनात २० ते ३० टक्के सेरिसिन हा चिकट पदार्थ असतो. रंगविण्यापूर्वी तो साबण व सोड्याच्या उकळत्या पाण्यात काढून टाकतात. हे पाणी क्षारयुक्त व फेसाळ असते, तर रंगाचे पाणी सौम्य आम्लधर्मी असते. दोन्ही पाणी एकाच गटारात मिसळले, तर सामू वाढतो, साबण आणि सेरिसिन कार्बनची छिद्रे अडवतात आणि रंग पाण्यातच राहतो. दोन्ही प्रवाह उगमापाशीच वेगळे ठेवण्यास फारसा खर्च येत नाही, पण त्यामुळे कार्बनची बरीच बचत होते.

धारणक्षमतेचे गणित

१ ग्रॅम कार्बनने धरलेल्या रंजकाचे वजन पुढील सूत्राने काढतात :

धारणक्षमता = (आरंभीची तीव्रता − समतोल तीव्रता) × द्रावणाचे आकारमान ÷ कार्बनचे वजन

समजा, लिटरला १०० मिलिग्रॅम रंजक असलेल्या ५० मिलिलिटर द्रावणात ०.१ ग्रॅम कार्बन टाकला आणि समतोल साधल्यावर तीव्रता लिटरला १० मिलिग्रॅम उरली. तर ९० × ०.०५ ÷ ०.१ = ४५. म्हणजे धारणक्षमता ग्रॅमला ४५ मिलिग्रॅम आणि रंग काढण्याचे प्रमाण ९० टक्के.

आता हेच गणित एका कल्पित रंगशाळेला लावू. तिच्यातून रोज ४,५०० लिटर पाणी निघते व त्यात लिटरला ६० मिलिग्रॅम रंजक आहे. तीव्रता १० मिलिग्रॅमपर्यंत खाली आणावयाची तर रोज ५० × ४,५०० = २,२५,००० मिलिग्रॅम, म्हणजे २२५ ग्रॅम रंजक काढावे लागेल. वरील क्षमतेनुसार त्यासाठी रोज ५ किलो कार्बन लागेल. वर्षातील ३०० कामाच्या दिवसांसाठी ही गरज १,५०० किलो होते. करवंटीपासून वजनाच्या साधारण ३० टक्के कोळसा मिळतो व सक्रियणात त्याचाही मोठा भाग खर्ची पडतो. स्थूलमानाने १ टन कार्बनसाठी १० टन करवंटी धरल्यास एका लहान रंगशाळेसाठी वर्षाला १५ टन करवंटी लागेल. '९० टक्के रंग निघाला' या वाक्यातून ही बाब समजत नाही. कोणत्याही शोधनिबंधातील टक्केवारी वाचताना कार्बन किती वापरला, हा प्रश्न प्रथम विचारावा.

स्थिर तापमानास धारणक्षमता व समतोल तीव्रता यांचा संबंध दाखविणाऱ्या आलेखास समतापी वक्र म्हणतात. फ्रॉइंडलिश यांचे समीकरण असमान पृष्ठभागासाठी वापरले जाते. इर्विंग लँगम्यूर यांनी १९१८ मध्ये मांडलेल्या समीकरणात पृष्ठभागावर रेणूंचा एकच थर बसतो, असे गृहीत धरले आहे. पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रातील कार्याबद्दल लँगम्यूर यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तिरुप्पूरचा धडा

तामिळनाडूतील तिरुप्पूर हे सुती होजिअरीचे निर्यात केंद्र नोय्यल नदीकाठी वसले आहे. तेथील रंगशाळांच्या सांडपाण्यामुळे नदी आणि १९९२ मध्ये बांधलेले ओरत्तुपाळयम धरण प्रदूषित झाले. सिंचनासाठी बांधलेल्या धरणातील पाणीच पिकांना घातक ठरू लागले. लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी न्यायालयात दाद मागितली. मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये शून्य द्रव-विसर्गाचा मार्ग अनिवार्य केला, सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शेतकऱ्यांची बाजू उचलून धरली आणि आदेशांचे पालन न झाल्याने जानेवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने तिरुप्पूरच्या रंगशाळा बंद करण्याचा आदेश दिला. या प्रदीर्घ संघर्षात शेतकऱ्यांची शेती आणि कामगारांचा रोजगार, दोन्हींची हानी झाली.

या प्रकरणाची एक तांत्रिक बाजू महत्त्वाची आहे. अभिक्रियाशील रंजकांनी सूत रंगविताना मीठ किंवा सोडियम सल्फेट मोठ्या प्रमाणात लागते. जमीन नापीक करण्यात या विरघळलेल्या क्षारांचा वाटा मोठा असतो. सक्रियित कार्बन सेंद्रिय रेणू धरतो, पण मीठ धरत नाही. कार्बनच्या गाळणीतून बाहेर आलेले पाणी काचेसारखे स्वच्छ दिसले तरी खारटच असते. त्यासाठी व्यस्त परासरण व बाष्पीभवन यांचा आधार घ्यावा लागतो आणि या प्रक्रिया खर्चिक आहेत. स्वच्छ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही, हा तिरुप्पूरचा धडा आहे.

आम्ल रंजकांनी रेशीम रंगविण्यास त्यामानाने मीठ कमी लागते. म्हणून कुंभकोणमसारख्या रेशीम केंद्रात कार्बनची उपयुक्तता अधिक आहे. महाराष्ट्रात पैठणीचे रेशीम रंगविणाऱ्या येवला व पैठण येथील लहान रंगाऱ्यांनाही हाच विचार लागू पडतो. पंचगंगेकाठच्या इचलकरंजीसारख्या सुती वस्त्रोद्योगाच्या केंद्रात मात्र क्षारांचा प्रश्न वेगळा सोडवावा लागेल.

रंग गेला कोठे?

अधिशोषणाने रंजक नष्ट होत नाही. ते पाण्यातून निघून कार्बनवर जाते, एवढेच. आधीच्या उदाहरणातील रंगशाळेत वर्षअखेर रंजकाने भरलेला दीड टन कार्बन साठेल. तो उघड्यावर टाकल्यास पावसाळ्यात रंग पुन्हा पाण्यात उतरू शकतो. प्रश्न तेव्हा सुटत नाही, केवळ पुढे ढकलला जातो.

वापरलेला कार्बन ७०० ते ९०० अंश तापमानास तापवून पुन्हा उपयोगात आणता येतो. प्रत्येक फेरीत सुमारे ५ ते १० टक्के कार्बन घटतो. एकट्या रंगाऱ्याला अशी भट्टी परवडणार नाही, परंतु विणकरांच्या सहकारी संस्थेला किंवा समूहाला ती सामाईकपणे चालविता येईल. तेही शक्य नसेल तेथे वापरलेला कार्बन अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच गेला पाहिजे. घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६ यांच्या अनुसूचीत वापरलेला कार्बन आणि सांडपाणी प्रक्रियेतील रासायनिक गाळ यांचा उल्लेख आहे.

प्रक्रियेच्या साखळीतील कार्बनचे स्थानही निश्चित असावे. आधी समीकरण टाकी, नंतर रसायनांनी गाळ बसविणे व जैविक प्रक्रिया, आणि अखेरीस उरलेल्या रंगासाठी कार्बन असा क्रम योग्य होय. कार्बनच्या स्तंभातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात रंग पुन्हा ठरलेल्या मर्यादेपर्यंत दिसू लागतो, त्या क्षणास भेदन बिंदू म्हणतात. तो येण्यापूर्वीच कार्बन बदलावा लागतो.

कायदा आणि धोरण

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ अन्वये केंद्रीय व राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळे स्थापन झाली. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१६ मध्ये वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यासाठी सुधारित मानके अधिसूचित केली. त्यानुसार सामू ६.५ ते ८.५, रंग १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकके, जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी लिटरला ३० मिलिग्रॅम, रासायनिक ऑक्सिजन मागणी लिटरला २५० मिलिग्रॅम आणि विरघळलेले घन पदार्थ लिटरला २,१०० मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. तामिळनाडूतील चर्मोद्योगासंबंधीच्या वेल्लोर नागरिक कल्याण मंच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये 'प्रदूषकाने भरपाई द्यावी' व सावधगिरीचे तत्त्व यांना भारतीय कायद्याचा भाग मानले. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला २०२० च्या राज्य कायद्याने संरक्षित कृषिक्षेत्राचा दर्जा मिळाला असून तेथे नवे चर्मोद्योग व धातू वितळविण्याचे कारखाने यांना मनाई आहे. २०२४ च्या दुरुस्तीने जल अधिनियमातील अनेक गुन्ह्यांसाठी कारावासाऐवजी आर्थिक दंडाची तरतूद झाली. ती प्रथम हिमाचल प्रदेश, राजस्थान व केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली.

समारोप

वनस्पतिजन्य सक्रियित कार्बन हे लहान रंगाऱ्याच्या आवाक्यात येऊ शकणारे साधन आहे. कच्चा माल गावात आहे, तंत्र ज्ञात आहे आणि त्याची गरज तर उघड आहे. परंतु त्याचे यश काचपात्रातील टक्केवारीवरून ठरवून चालणार नाही. प्रत्यक्ष सांडपाण्यातील रंजकाला अनुरूप कार्बन, वेगळे ठेवलेले प्रवाह, क्षारांची स्वतंत्र व्यवस्था आणि वापरलेल्या कार्बनचा हिशेब या चार बाबी पूर्ण झाल्या, तरच पाण्यातून काढलेला रंग शेतात परत येणार नाही. तिरुनीलक्कुडीच्या परिसरातील भातशेती आणि रेशीम यांचे सहजीवन टिकविण्यासाठी हा हिशेब सहकारी संस्था, प्रदूषण नियंत्रण मंडळ व स्थानिक महाविद्यालये यांनी मिळून ठेवणे आवश्यक आहे.

सरावासाठी प्रश्न

१. अधिशोषण व अवशोषण यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.

२. लिटरला ८० मिलिग्रॅम रंजक असलेल्या १०० मिलिलिटर द्रावणात ०.२ ग्रॅम कार्बन टाकल्यावर तीव्रता लिटरला २० मिलिग्रॅम झाली. धारणक्षमता व रंग काढण्याचे शेकडा प्रमाण काढा. (उत्तर : ग्रॅमला ३० मिलिग्रॅम, ७५ टक्के)

३. सक्रियित कार्बनने तिरुप्पूरचा प्रश्न पूर्णपणे का सुटला नसता? कारणे द्या.

४. 'प्रदूषण एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात हलविणे म्हणजे प्रदूषण नियंत्रण नव्हे.' या विधानाची चर्चा करा.